‘लोकच तसे आहेत’ म्हणणं आता सोडायला हवं

कुठेतरी एखादा माणूस रस्त्यात कोसळतो, आजूबाजूला पाच-पंचवीस जण उभे असतात, पुढे कुणी येत नाही, कुणीतरी मोबाईलवर शूट करतं आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. माणुसकी संपली. लोकांच्या संवेदना मेल्या. आणि हे फक्त अशा प्रसंगांपुरतं नाही, कचरा कुणी कुठे टाकला, रांग कुणी मोडली, टॅक्स कुणी बुडवला, परीक्षेत कॉपी कुणी केली, विषय कुठलाही असो आपलं निदान एकच, लोकच तसे आहेत.

माझं म्हणणं असं की हे निदान बहुतेक वेळा चुकतं. नुसतं चुकलं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण ते सारखं सारखं बोलून आपण ज्या गोष्टीची तक्रार करतोय तीच वाढवतो, आणि हा भाग फार कमी लोकांच्या लक्षात येतो. माणसं मुळात देवमाणसं असतात असं मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की माणूस कसा वागतो हे तो कोण आहे यावर जेवढं अवलंबून असतं तेवढंच, आणि पुष्कळदा त्याहून जास्त, तो त्या क्षणी कुठे उभा आहे, सोबत कोण आहे, घाई किती आहे, बाकीचे काय करताना दिसतायत यावर अवलंबून असतं. कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली हे एका छोट्या सूत्रात मांडलं, वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींचं मिळून असतं. हा माणूस ज्यू होता, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेला होता, त्यामुळे साधी माणसं कुठल्या परिस्थितीत काय होऊ शकतात हा त्याच्यासाठी फक्त पुस्तकी प्रश्न नव्हता. सोशल सायकॉलॉजीचा बराचसा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे. पण शाळेत आपल्याला कधी कुणी हे सांगितलं? मला नाही सांगितलं.

सगळ्यात आधी आपण निदान करतो कसं ते बघू. मी उशिरा पोहोचले तर ट्रॅफिक होतं, तू उशिरा आलास तर तू बेशिस्त आहेस. मी मेसेजला उत्तर दिलं नाही तर मी कामात होते, तिने दिलं नाही तर तिला माज आलाय. स्वतःच्या बाबतीत आपल्याला परिस्थिती लख्ख दिसते कारण आपण तिच्या आत असतो, दुसऱ्याच्या बाबतीत फक्त माणूस दिसतो, त्याची परिस्थिती दिसतच नाही, म्हणून आपण सगळं त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याला फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर असं नाव दिलं, पण त्याच्या दहा वर्षं आधीच जोन्स आणि हॅरिस यांनी हे फार साध्या पद्धतीने दाखवलं होतं. त्यांनी लोकांना क्युबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले आणि विचारलं की लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल. गंमत पुढे आहे. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीही वाचकांना वाटलं की बाजूने लिहिणारा आतून थोडाफार कॅस्ट्रोवालाच असणार! परिस्थिती समोर लिहून दिली तरी आपण ती पुरेशी हिशोबात धरत नाही.

रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग मला नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सांगावासा वाटतो. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या, एकाला प्रश्न विचारणारा केलं, दुसऱ्याला उत्तर देणारा, आणि कोण काय होणार हे चक्क चिठ्ठीसारखं नशिबावर ठरवलं. प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःला जे माहीत आहे त्यातले अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच उत्तर देणारा बऱ्याच ठिकाणी अडकणार, जगात कुणीही अडकेल, कारण मैदान समोरच्याचं आहे. पण शेवटी उत्तर देणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनीही प्रश्न विचारणाऱ्यालाच जास्त हुशार ठरवलं. आता आपली मिटिंग आठवा, इंटरव्ह्यू आठवा, तोंडी परीक्षा आठवा. ज्याच्या हातात प्रश्न विचारायचा हक्क आहे तो हुशार वाटतो आणि ज्याला उत्तरं द्यावी लागतात तो कच्चा वाटतो, आणि या वाटण्यावर माणसांची पगारवाढ ठरते, ॲडमिशन ठरते. हे मला फार गंभीर वाटतं. एका खुर्चीवर बसल्यामुळे मिळालेला फायदा आपण त्या माणसाची लायकी म्हणून मोजतोय.

बरं, ही सवय सगळ्या जगात सारखीच आहे असंही नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोचे अमेरिकन आणि म्हैसूरचे हिंदू लोक यांची तुलना केली, ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणं त्यांना विचारली. लहान मुलांमध्ये फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसे अमेरिकन लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवायला लागले आणि म्हैसूरचे लोक परिस्थितीकडे, नात्यांकडे, भूमिकेकडे. म्हणजे ही सवय निदान काही प्रमाणात शिकलेली असते, आणि जे शिकलेलं असतं ते कमी करता येतं.

आता त्या रस्त्यावर कोसळलेल्या माणसाकडे येते, कारण माणुसकी संपल्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून तेच दाखवलं जातं. या विषयाचा जन्मच एका बातमीतून झाला. १३ मार्च १९६४ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा पहाटे तीनच्या सुमारास खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की ३८ जण अर्धा तासाहून जास्त वेळ बघत राहिले आणि हल्ला चालू असताना कुणी पोलिसांना फोन केला नाही. जगभर हळहळ झाली, शहरी माणूस दगड झालाय यावर रकानेच्या रकाने भरले गेले. पुढे अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी ते प्रकरण नीट खणलं तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. आकडा खूप फुगवलेला होता. बहुतेकांनी काही पाहिलंच नव्हतं, फक्त आवाज ऐकले होते, तेही अर्धवट झोपेत. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हाकललंही होतं, तो तेवढ्यापुरता पळाला होता. दुसरा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूच्या जिन्यापाशी झाला, तो जवळपास कुणालाच दिसणार नव्हता. एक शेजारीण धावत खाली आली आणि किटीला तिने मांडीवर धरून ठेवलं. एक-दोन माणसांना कळूनही त्यांनी काही केलं नाही हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण ३८ निर्विकार प्रेक्षक ही गोष्ट खरी नव्हती, आणि २०१६ मध्ये त्या वर्तमानपत्राने स्वतःच मान्य केलं की आपल्या बातमीत साक्षीदारांची संख्या खूप वाढवून सांगितली होती. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, तेव्हा तातडीच्या मदतीचा ९११ हा नंबर न्यूयॉर्कमध्ये अस्तित्वातच नव्हता, तो १९६८ मध्ये आला. मदत मागणं तेव्हा आजच्याइतकं सोपं नव्हतं.

बातमी फसवी होती पण तिच्यातून एक चांगला प्रश्न निघाला. बिब लताने आणि जॉन डार्ली या दोन तरुण संशोधकांनी विचार केला की लोक निर्दय झालेत असं म्हणण्यापेक्षा, जास्त लोक असणं हेच तर मदत न होण्याचं कारण नसेल ना? त्यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलतायत, बोलता बोलता एकाला फिट आल्यासारखा आवाज येतो. ज्यांना वाटत होतं की हे फक्त आपणच ऐकतोय त्यांच्यातले ८५ टक्के लोक फिट चालू असतानाच मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चारजण ऐकतायत त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. माणसं त्याच प्रकारची, आवाज तोच, फरक फक्त डोक्यातल्या त्या चार लोकांचा. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी आली की उठायला पुरेना.

मला या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आकड्यांच्या खालची एक नोंद. जे उठले नाहीत ते थंडपणे बसलेले नव्हते. संशोधक खोलीत आले तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते, ‘तो ठीक आहे ना? त्याच्याकडे कुणी बघतंय ना?’ असं ते विचारत होते. त्यांची संवेदना जिवंत होती, ती कृतीपर्यंत पोहोचत नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला मात्र फक्त बसलेला माणूस दिसतो, आणि तो लिहून मोकळा होतो, माणुसकी संपली.

त्याच दोघांचा धुराचा प्रयोग तर रोजच्या जगण्याच्या आणखी जवळचा आहे. खोलीत बसून फॉर्म भरताय, भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. एकट्याने बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन ‘काही झालंच नाही’ असा चेहरा करून बसलेली माणसं ठेवली, जी संशोधकांचीच होती, तर दहातल्या एकानेच सांगितलं, बाकीचे खोकत डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. तीन खरेखुरे विद्यार्थी एकत्र बसवले तेव्हाही फक्त ३८ टक्के गटांत कुणीतरी उठलं. काय होतं इथे? प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, दुसराही शांत दिसायचा प्रयत्न करतोय, कारण आपण उगाच घाबरट दिसू नये असं त्यालाही वाटतंय, आणि मग तिघांच्या मनात धाकधूक असूनही तिघांनाही वाटतं की बाकीच्या दोघांना काही वाटत नाहीये, म्हणजे काही नसेलच. याला प्लुरलिस्टिक इग्नोरन्स म्हणतात. वर्गात ‘कळलं का सगळ्यांना?’ असं विचारल्यावर होणारी शांतता हीच. ऑफिसमध्ये एखादा प्लॅन फसणार हे सगळ्यांना दिसत असतं आणि सगळे मान डोलावतात ते हेच. घरातल्या समारंभात नको असलेला खर्च सगळ्यांना नकोसा असतो आणि तरी होतो, तोही असाच.

घाईचं उदाहरण थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मगुरू होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं, काहींना भाषणाचा विषय होता बायबलमधली वाटेत पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत खरंच एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. ज्यांना वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने खात्रीचा असा काही फरक पडला नाही, काही जण तर मदतीवर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले. सेवा हेच आयुष्य म्हणून निवडलेली ही माणसं. ती वाईट होती असं म्हणायची तुमची तयारी आहे का? माझी नाही. त्यांना घाई होती.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. समजा कुणी म्हणेल, ठीक आहे, निदान चुकीचं असेल, पण लोकांना जरा लाज वाटावी म्हणून बोललं तर काय बिघडलं? बिघडतं, आणि मोजता येईल इतकं बिघडतं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडलीयेत आणि लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा आशय होता की आजवर कितीतरी लोकांनी इथले तुकडे नेलेत आणि त्यामुळे जंगलाचं रूप बदलतंय. दुसऱ्या पाटीवर साधी विनंती, कृपया तुकडे नेऊ नका. साध्या विनंतीच्या वेळी चोरी २ टक्क्यांच्याही खाली होती. ‘कितीतरी लोकांनी नेलेत’ वाल्या पाटीच्या वेळी जवळपास ८ टक्के. कळवळून लावलेल्या पाटीने चोरी चौपटीहून जास्त केली!

कारण सरळ आहे. माणूस कुठल्याही सूचनेतून दोन गोष्टी वाचतो, काय करायला हवं आणि बाकीचे काय करतात. आणि दुसरी गोष्ट पहिलीवर सहज मात करते. आता आपल्या सगळ्या सार्वजनिक बोलण्याकडे या नजरेने बघा. ‘इथे सगळेच थुंकतात’, ‘टॅक्स कोण भरतं हल्ली’, ‘सगळे कॉपी करूनच पास होतात’, ‘मतदानाला लोक बाहेरच पडत नाहीत’. ही वाक्यं आपण चिडून म्हणतो, दुःखाने म्हणतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात जे जातं ते असं की प्रामाणिक राहणारा तू एकटाच आहेस. बातम्या, सरकारी जाहिराती, शाळेतली भाषणं, वडीलधाऱ्यांचे उपदेश, सगळीकडे हेच. मला खरंच तळमळ वाटते याची, कारण ही सगळी मंडळी चांगल्या हेतूने बोलत असतात.

उलट करून बघितलं तर? ब्रिटनमध्ये ते झालंय. तिथल्या टॅक्स खात्याने थकबाकीदारांना पाठवलेल्या पत्रांत एक साधं वाक्य घातलं, दहातले नऊ लोक टॅक्स वेळेवर भरतात आणि तुम्ही न भरलेल्या अगदी थोड्यांपैकी आहात. पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. दंड वाढवला नाही, कायदा बदलला नाही, लोकांना फक्त खरं चित्र दाखवलं. खरं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खोटा आकडा छापून चालणार नाही, एकदा पकडलं गेलं की विश्वास संपला. आणि जिथे बहुसंख्य लोक खरोखरच चुकीचं वागतायत तिथे आकडा न सांगता लोकांना काय पटतं ते सांगता येतं, किंवा किती जण बदलायला लागलेत ते सांगता येतं. तेही खरंच असतं.

लोकांना आतून काय पटतं याचा आपला अंदाज किती चुकलेला असतो याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण सौदी अरेबियातलं आहे. २०२० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं की बायकांनी घराबाहेर नोकरी करण्याबद्दल तुमचं मत काय. बहुतेकांचा पाठिंबा होता. मग विचारलं की इथे बसलेल्या इतर पुरुषांचा असेल का? तर त्यांना वाटत होतं की इतरांचा खूपच कमी असेल. म्हणजे प्रत्येकजण मनातून तयार आणि प्रत्येकजण बाकीच्यांना घाबरून गप्प. यातल्या काहींना फक्त खरा आकडा सांगितला, एवढंच. त्यांच्यातले जास्त जण बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवायला तयार झाले आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायकांनी घराबाहेरच्या नोकरीसाठी अर्ज करण्याचं प्रमाणही जास्त निघालं. कुणाचं मतपरिवर्तन करावं लागलं नाही, मत आधीच होतं. जी रूढी आपल्याला डोंगराएवढी वाटते ती कित्येकदा अशी एकमेकांबद्दलच्या चुकीच्या अंदाजावर टेकलेली असते, आणि ‘आपला समाज मागासलेलाच राहणार’ असं म्हणणारा माणूस त्या अंदाजाला आणखी एक टेकू लावतो.

यावर जो आक्षेप येतो तो मी टाळणार नाही, कारण तो रास्त आहे. सगळं परिस्थितीवर ढकललं तर मग दोष कुणाचाच नाही का? लाच घेणारा म्हणेल सिस्टिमच तशी आहे, मारहाण करणारा म्हणेल गर्दीने केलं. नाही. कारण शोधणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात प्रयोग केले, त्यात एक अधिकारी शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणत राहतो आणि साधी माणसं दुसऱ्या खोलीतल्या माणसाला वाढत्या विजेचे झटके देत राहतात, झटके खोटे होते पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांचा आधी अंदाज होता की शेवटपर्यंत जाणारा हजारात एखादा निघेल. पहिल्या छापलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्यात सोबत झटके देणारे आणखी दोघे होते, संशोधकांचीच माणसं, आणि ते मध्येच नकार देऊन उठले, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले.

सॉलोमन ॲशच्या रेघांच्या प्रयोगातही हेच आहे. समोर रेघा स्पष्ट दिसतायत, कुठली किती लांब ते लहान मूलही सांगेल, पण खोलीतले बाकीचे सगळे, जे संशोधकांचेच लोक होते, एकमुखाने चुकीचं उत्तर देतायत. तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गर्दीसोबत गेले. पुढचं सहसा सांगायचं राहून जातं, एक चतुर्थांश लोक एकदाही गेले नाहीत आणि एकूण उत्तरं धरली तर जवळपास दोन तृतीयांश बरोबरच होती. आणि गर्दीत एक जरी माणूस खरं उत्तर देणारा ठेवला तर चुका आधीच्या एक चतुर्थांशावर आल्या. त्या एकाने वेगळंच चुकीचं उत्तर दिलं तरीसुद्धा दबाव सैल झाला, कारण एकमत तुटलं होतं. म्हणून मी म्हणते की परिस्थितीचा विचार केल्याने जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. तुम्ही स्वतः दुसऱ्यांची परिस्थिती आहात. तुम्ही मिटिंगमध्ये ‘मला हे पटत नाही’ म्हटलंत तर तुमचं मत मान्य होवो न होवो, शेजारच्याला बोलायला जागा मिळते.

‘लोकच तसे’ हे वाक्य गटाबद्दल बोलताना तर आणखी विषारी होतं, तेव्हा ते ‘ती लोकं तशीच’ असं होतं. हेन्री ताजफेलने १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे गट पाडले, कशावरून, तर दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं जास्त आवडली असं सांगून. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं, तरी पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. मग खऱ्या इतिहासाचं ओझं असलेल्या गटांचं काय होत असेल. आपल्यातला कुणी चुकला तर त्याची परिस्थिती होती, त्यांच्यातला चुकला तर त्यांचं रक्तच तसं. त्यांच्यातला कुणी चांगलं वागला तर तो अपवाद. थॉमस पेटिग्रू यांनी १९७९ मध्ये हे सविस्तर मांडलंय. यावर मी अधिक लिहीत नाही, रोजच्या बातम्यांत याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, या शास्त्रातलं सगळंच डोळे झाकून घेण्यासारखं नाही. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात काही तरुणांना खोट्या तुरुंगात पहारेकरी आणि काहींना कैदी केलं होतं, जो सहा दिवसांत बंद करावा लागला आणि जो प्रत्येक मोटिव्हेशनल भाषणात येतो, त्यात पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये आधीसारखा निकाल आला, आणि सोशल सायकॉलॉजीच्या प्रयोगांत हे प्रमाण आणखी कमी होतं. पण याचाच दुसरा अर्थ असा की हे शास्त्र स्वतःला तपासतं, आणि तपासताना कधीकधी माणसाबद्दल चांगलीही बातमी येते. २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतल्या सीसीटीव्हीत सापडलेली २१९ भांडणं बघितली गेली. दर दहातल्या नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एकजण तरी मध्ये पडला, आणि बघे जास्त असतील तर कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. लताने-डार्लींचं म्हणणं यामुळे खोटं ठरत नाही, एकेका माणसाचा पाय अडखळतो हे खरंच आहे, पण डोकी जास्त असली की त्यातलं कुणीतरी निघतं. आपल्या फोनवर मात्र तो दहावा प्रसंगच येतो, कारण मदत झालेले नऊ व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

तर करायचं काय? पत्रकारांनी आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांनी कुणी मदत केली नाही हे दाखवताना कुणी केली हेही शोधावं, आणि मदत का अडली हे विचारावं, नंबर माहीत नव्हता की पोलिसांच्या चौकशीची भीती होती की काय चाललंय ते कळतच नव्हतं. पाट्या लिहिणाऱ्यांनी ‘इथे सगळेच घाण करतात’ छापणं बंद करावं. आणि अडचणीत सापडलेल्या माणसाने, बोलता येत असेल तर, ‘कुणीतरी मदत करा’ असं हवेत न ओरडता एका माणसाकडे बोट करावं, ‘निळा शर्ट, तुम्ही, ॲम्ब्युलन्सला फोन लावा’. जबाबदारी वाटली जाते म्हणून मदत अडत असेल तर ती एकाच्या हातात द्यायची, इतकं हे साधं आहे. हे एक वाक्य कुणाचा तरी जीव वाचवू शकतं आणि ते आपण मुलांना शिकवत नाही.

माझी खरी मागणी तीच आहे, की हे शाळेत यावं. सायकॉलॉजी घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी नाही, आठवी-नववीच्या सगळ्या मुलांसाठी. त्यासाठी वेगळा विषय, वेगळी परीक्षा काही नको, नागरिकशास्त्राच्या तासांतले पाच-सहा तास पुरतील. शिकवून काय होणार असं म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटचा प्रयोग सांगते. आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काही विद्यार्थ्यांना लताने-डार्लींच्या कामाबद्दल एक लेक्चर दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. दोन आठवड्यांनी, त्या लेक्चरचा काही संबंध आहे असं वाटणारही नाही अशा ठिकाणी, वाटेत एक माणूस पडलेला आणि शेजारी एकजण काहीच न करणारा, असा प्रसंग उभा केला. लेक्चर न ऐकलेल्यांतले साधारण २५ टक्के थांबले. ऐकलेल्यांतले साधारण ४३ टक्के. हा फरक एका लेक्चरचा आहे, आणि ते लेक्चर देण्यासाठी शिक्षकाला फार काही लागत नाही, खडू, फळा आणि धुराच्या खोलीची ती गोष्ट.